मायक्रोवेव्ह घरात आलाय? दुरुस्तीच्या टेबलावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत घरगुती मशिनी दुरुस्त करण्याच्या धंद्यात मला अठरा वर्षं झाली. कूलर, मिक्सर, पाण्याची मोटर हे आमचं मूळ काम. मायक्रोवेव्ह आधी डॉक्टर-वकिलांच्या घरूनच यायचे. आता लग्नाच्या आहेरात येतात, पुण्यात नोकरी करणारा पोरगा जुना पाठवून देतो, दिवाळीच्या एक्स्चेंजमध्ये घेतलेले असतात. मशीन ओट्यावर बसतं, सोबतचं पुस्तक खोक्यातच राहतं आणि प्रश्न माझ्याकडं येतात.

एक गोष्ट इतक्या वर्षांत पक्की दिसली. माणसं किरणांना भितात, प्लगला भीत नाहीत. ओव्हन सुरू झाला की पदर तोंडाला लावून स्वयंपाकघराबाहेर जाणाऱ्या काकूंच्या घरी तोच ओव्हन फ्रीज आणि मिक्सरसोबत एका पिवळ्या पडलेल्या एक्स्टेंशन बोर्डावर चालतो. त्यामुळं खाली कुठं लांबड लागली असेल, कुठं एका ओळीत काम भागवलं असेल. भ्यायचं कारण जिथं आहे तिथं मी जास्त बोललोय.

या किरणांनी कॅन्सर होतो का हो?

नाही. एक्स-रे वेगळा, हे वेगळं. मायक्रोवेव्ह म्हणजे रेडिओच्याच भाऊबंदांतल्या लहरी. घरच्या ओव्हनमध्ये त्या सेकंदाला 245 कोटी वेळा हेलकावे खातात. वायफायही साधारण त्याच पट्ट्यात चालतं, म्हणून ओव्हन लावला की कधीकधी पोरांचा व्हिडिओ अडकतो. डीएनएची तोडफोड करण्याएवढा जोर या लहरींत नसतो. त्या अन्नातल्या पाण्याच्या कणांना घुसळतात, त्या घुसळणीची उष्णता होते, एवढाच खेळ. मशीन थांबलं की लहरी संपल्या. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसं अन्नातही काही साठून राहत नाही.

जीवनसत्त्वांचंही तेच. पालेभाजी पातेलंभर पाण्यात उकळून पाणी फेकून दिलं तर जेवढं जातं, त्यापेक्षा थोड्या पाण्यात, थोड्या वेळात शिजवल्यावर कमीच जातं.

ही लहर अन्न तापवते हे 1945 मध्ये अमेरिकेत पर्सी स्पेन्सर नावाच्या इंजिनिअरच्या ध्यानात आलं. ते रडारच्या नळीवर काम करत होते आणि खिशातलं चॉकलेट वितळलं, असं सांगतात. दोन वर्षांनी विक्रीला आलेलं मशीन माणसाएवढं उंच आणि सव्वातीनशे किलोच्या वर वजनाचं होतं. आज ओट्यावर बसतो तो त्याचाच नातू.

दाराच्या काचेतून आत बघितलं तर डोळे जातात का?

काचेत बारीक भोकांची धातूची जाळी असते. लहरीची लांबी सुमारे 12 सेंटीमीटर आणि भोक एक-दीड मिलिमीटरचं. गोठ्याच्या कुडातून ऊन आत येतं, बैल बाहेर येत नाही. तसा जाळीतून उजेड येतो, लहर येत नाही. ओव्हनपासून 5 सेंटीमीटरवर दर चौरस सेंटीमीटरला 5 मिलीवॅटपेक्षा जास्त गळती नको, अशी मर्यादा आहे, आणि मशीनपासून हातभर लांब गेलं की ती गळतीही झपाट्यानं घटते.

तरीही लेकरांना काचेला नाक लावून उभं राहू देऊ नका. दार उघडल्याबरोबर जी वाफ तोंडावर येते, तिनं पोळतं.

दार थोडं सैल झालंय, वरून दाबून धरलं की चालतं. चालवू का?

नको. या प्रश्नाला मी हसत नाही. दाराच्या कडीमागं दोन-तीन छोटे स्विच असतात. दार नीट बसल्याची खात्री झाल्याशिवाय ते मशीनला सुरू होऊ देत नाहीत. एखादा मेकॅनिक "थेट करून देतो" म्हणाला, म्हणजे स्विच बाजूला टाकून तार जोडतो म्हणाला, तर मशीन उचला आणि घरी या. किरणांची भीती बाळगायची असेल तर ती इथं बाळगा. बिजागरी वाकलेली, काच तडकलेली, दाराची कड गंजून भोक पडलेलं, यातलं काहीही असेल तर आधी दुरुस्ती, मग चहा.

मोबाईल आत ठेवून रिंग वाजते का बघायची, वाजली तर गळती आहे, असं पुष्कळांनी कुठून तरी ऐकलेलं असतं. ती परीक्षा खोटी आहे. मोबाईल अगदी क्षीण सिग्नलही पकडतो, त्यामुळं चांगल्या ओव्हनमध्येही रिंग वाजते. वर, आत फोन असताना चुकून कुणी बटण दाबलं तर बॅटरी पेटेल ते वेगळंच.

प्लग कुठंही लावला तर चालतो ना? थ्री पिनच आहे.

आता मुद्द्याचं.

मशीनच्या मागं एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर इनपुटचे वॅट लिहिलेले असतात. खोक्यावरचे 800 वॅट हे अन्नाला मिळणारे. भिंतीतून ओढले जातात ते 1200 ते 1400. साधा, म्हणजे सोलो ओव्हन असला की पाच-सहा अँपिअर झाले. कन्व्हेक्शनचा, म्हणजे गरम हवेनं भाजणाराही असेल तर 2000 ते 2500 वॅट, म्हणजे दहा अँपिअरच्या आसपास. मोबाईल चार्जर लावतो तो बारीक पिनांचा सॉकेट सहा अँपिअरचा असतो. बारक्या खांद्यावर क्विंटलचं पोतं दिल्यासारखं होतं ते. लगेच काही दिसत नाही. महिना-दोन महिन्यांनी सॉकेटच्या भोवती तपकिरी कडं येतं, प्लग काढताना हाताला चटका बसतो, मग जळक्या बॅकेलाइटचा वास. माझ्याकडं असे वितळलेले प्लग डबाभर आहेत. गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवलेत.

ओव्हनला 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा, मीटरच्या बोर्डापासून जाड वायर आणि स्वतःचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच. एक्स्टेंशन बोर्ड नको. मोठी पिन छोट्या सॉकेटात बसवून देणारा तो पांढरा अडॅप्टर तर अजिबात नको.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. गावाकडच्या नव्या बांधकामातसुद्धा तिसरं भोक निव्वळ शोभेचं असतं, मागं तारच नसते. ओव्हनच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, झिणझिण्या वाटत असतील, तर तो "थोडा करंट" नाही, तो निरोप आहे. वायरमनला बोलवा. आणि ज्यांच्याकडं अर्थिंगचा खड्डा आहे त्यांनी उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जावं. आपली काळी माती मे महिन्यात हातभर भेगाळते. कोरड्या मातीत अर्थिंगची पट्टी असून नसल्यासारखी. भांडी विसळलेलं पाणीही चालतं.

व्होल्टेज कमी-जास्त होतं. स्टॅबिलायझर लागेल का?

गावठाणात राहत असाल, शेजारी बोअरच्या मोटरी असतील, तर लागेल. रब्बीत गव्हा-हरभऱ्याला पाणी सुरू झालं की 230 चे 190 झालेले मी मीटरवर बघितलेत. साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ओव्हनची ताकद व्होल्टेजच्या मानानं जास्तच वेगानं घसरते. दोन मिनिटांत उकळणारं पाणी चार मिनिटं घेतं, माणूस म्हणतो मशीन बिघडलं. मशीन बरं असतं, त्याला खायलाच कमी मिळतं.

घरीच तपासायचं असेल तर सोपं आहे. एक लिटर पाणी काचेच्या भांड्यात घ्या, थर्मामीटरनं तापमान बघा, भांडं आत ठेवून पूर्ण ताकदीवर बरोबर एक मिनिट चालवा, ढवळा, पुन्हा बघा. जेवढे अंश वाढले त्याला 70 नं गुणा. 10 अंश वाढले तर 700 वॅट मिळतायत. दुपारी एकदा करा, संध्याकाळी सातला एकदा. फरक असेल तर तो लाईटचा. ताप मोजायचा थर्मामीटर मात्र वापरू नका, तो 42 च्या पुढं जात नाही आणि पाणी आपल्याकडं टाकीतूनच 35 चं येतं.

स्टॅबिलायझर सोलोला दोन केव्हीएचा, कन्व्हेक्शनला चार केव्हीएचा. टीव्हीचा लावू नका.

कमी व्होल्टेजपेक्षा वाईट म्हणजे डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, न्यूट्रलची (परतीची) तार तुटणं. तेव्हा घरात 230 च्या जागी 350-400 घुसतात. बल्ब एकदम पांढरेफटक होतात, पंखा सुसाट सुटतो, आणि कुणी मेन स्विचकडं धावेपर्यंत निम्मी मशिनी गेलेली असतात. ओव्हनचं कंट्रोल कार्ड प्लग लावलेला असला की बटण न दाबताही जागं असतं. घड्याळ दिसतं ना, तेच ते. म्हणून काम झालं की भिंतीवरचा स्विच बंद. लाईट गेली की बंद, आली की पाच मिनिटं थांबून चालू. एप्रिल-मेमध्ये अवकाळीचे ढग दिसले, विजा कडाडायला लागल्या की प्लगच काढून ठेवा.

इन्व्हर्टरवर चालेल?

घरातल्या पंखा-दिव्याच्या इन्व्हर्टरवर नाही.

बिल किती येतं?

लोक समजतात तेवढं नाही. 1200 वॅटचा ओव्हन पाच मिनिटं चालला तर एक दशांश युनिट. केक, नानकटाई भाजायला कन्व्हेक्शन तासभर लावलं तर मात्र दीड-दोन युनिट जाऊ शकतात.

कुठं ठेवायचा?

गॅसच्या शेजारी नको, खिडकीतून ऊन येतं तिथं नको, ताशी एक किलो धूळ येणाऱ्या रस्त्याकडच्या खिडकीत तर नकोच. मागं चार बोटं, वर वीतभर मोकळी जागा ठेवा. तुमच्या पुस्तकात जास्त सांगितली असेल तर पुस्तकाचं ऐका. आत पंखा असतो, तो गरम हवा मागच्या किंवा वरच्या जाळीतून बाहेर फेकतो. आपल्याकडं मे महिन्यात स्वयंपाकघरच 40 अंशाच्या पुढं असतं, त्यात ओव्हनचा श्वास कोंडला की मशीन मधेच बंद पडतं. ते बिघडलेलं नसतं. आतला थर्मल स्विच त्याला वाचवत असतो. अर्धा तास दम खाऊ द्या.

क्रोशाचा रुमाल काढा हो वरचा. हौस कळते, पण रुमाल, त्यावर प्लास्टिकची फुलं, शेजारी औषधांचा डबा आणि मागं खोचलेलं लाईटबिल, असा देव्हारा मी घरोघरी बघतो.

कोणती भांडी चालतात? स्टीलच्या वाटीत एकदा केलं, काही झालं नाही.

काही झालं नाही, कारण वाटी भाजीनं भरलेली होती आणि मधोमध होती. तीच वाटी कडेला सरकून भिंतीला टेकली असती तर ठिणगी दिसली असती. शिवाय धातू लहरींना परतवून लावतो, म्हणजे वाटीतली भाजी फक्त वरच्या तोंडातून तापते. फायदा काहीच नाही.

काच, चिनीमाती, ज्यावर मायक्रोवेव्हची खूण आहे ते प्लास्टिक, हे चालतं. स्टील, पितळ, तांबं, जर्मनची भांडी, ॲल्युमिनियमची फॉइल हे नाही. हे सगळे ओळखतात. लपून येतात ते धातू वेगळे: आहेरात आलेल्या कपबशीवरची सोनेरी रेघ, मिठाईवरचा चांदीचा वर्ख, हॉटेलातून आलेल्या डब्याची स्टेपलची पिन, सॉसच्या पुडीचा चकचकीत आतला थर. बर्फीवरच्या वर्खानं केलेली आतषबाजी मी स्वतःच्या घरी बघितली आहे, पाडव्याच्या दिवशी.

मातीचं भांडं? झिलई नसलेलं मडकं पाणी पितं, मग भाजीआधी तेच तापतं आणि तडकतं. मेलामाइनच्या रंगीत प्लेटाही नकोत. ओळखायची रीत: संशय असलेलं रिकामं भांडं आणि शेजारी काचेचा पेलाभर पाणी, दोन्ही एकत्र एक मिनिट. पाणी तापलं, भांडं गारच राहिलं, तर भांडं चांगलं. पाणी कोमट आणि भांडं चटका देतंय, तर ते भांडं बाहेरच बरं. धातूवर किंवा सोनेरी काठावर ही परीक्षा करायची नाही.

कन्व्हेक्शनवाल्यांचा घोळ इथंच होतो. निव्वळ कन्व्हेक्शनवर, लहरी बंद असताना, ॲल्युमिनियमचा केकचा डबा चालतो. तोच डबा आत ठेवून सवयीनं "30 सेकंद" दाबलं की चटचट आवाज. मशीन एक, चुली दोन. बटण दाबायच्या आधी कोणती पेटवतोय ते बघा.

आणि प्लास्टिक?

डब्याखाली त्रिकोणात 5 आकडा आणि मायक्रोवेव्हची खूण असेल तर गरम करण्यापुरतं ठीक. आइस्क्रीमचे, श्रीखंडाचे धुऊन ठेवलेले डबे, हॉटेलचे पातळ काळे डबे नकोत. तेलकट-तुपकट भाजी पाण्यापेक्षा जास्त तापते आणि डब्याला मऊ करते. मी स्वतः प्लास्टिक ठेवतच नाही, पण ते माझं मत झालं.

पाणी अचानक उसळलं, हात भाजला. असं कसं?

हे माझ्याच हातावर झालंय, म्हणून सविस्तर सांगतो.

गुळगुळीत काचेचा नवा पेला. त्यात पाणी तीन मिनिटं ठेवलं. दार उघडलं तर पाणी शांत, एक बुडबुडा नाही. वाटलं तापलंच नाही, अजून एक मिनिट दिलं. बाहेर काढून कॉफीचा चमचा टाकला. चमचा पाण्याला टेकला आणि निम्मा पेला भस्सकन वर आला. अंगठ्याच्या बेचक्यात आजही पांढरा डाग आहे.

पातेल्यात बुडाशी बुडबुडे सुटतात, कारण बुड तापलेलं आणि खडबडीत असतं. ओव्हनमध्ये पाणी स्वतःच तापतं, भांडं त्याच्या मागं राहतं. गुळगुळीत काचेत बुडबुड्याला सुरू व्हायला जागा मिळत नाही. पाणी 100 च्या पुढं जातं आणि गप्प बसतं. पावडर, चमचा, नुसता धक्का लागला की साठलेलं सगळं एकदम बाहेर.

पाणी तापवताना आधीच त्यात लाकडी काडी किंवा लाकडी चमचा उभा ठेवा. गरजेपेक्षा जास्त वेळ देऊ नका, एकदा तापलेलं पाणी न हलवता पुन्हा तापवू नका. झालं की अर्धा मिनिट दार न उघडता थांबा. आपल्याकडं चहा गॅसवरच होतो ते एका अर्थी बरंच आहे.

काय अजिबात ठेवू नये?

अंडं. कवचासकट नाही, उकडून सोललेलंही पुन्हा तापवायला नाही. आत पिवळ्या बलकात वाफ कोंडते आणि कधी ताटात, कधी दाताखाली फुटतं. वांगं, बटाटा, टोमॅटो, सालीसकट जे काही असेल त्याला काट्यानं आरपार टोचे मारल्याशिवाय ठेवू नका. भरताचं वांगं शिजतं, पण त्याला धुराचा वास येत नाही. मग त्याला भरीत म्हणायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.

ठेच्याच्या मिरच्या ओव्हनमध्ये भाजायचा उद्योग आमच्या मेहुण्यानं केला. मिरच्या फुटल्या, दार उघडल्यावर जो खाट सुटला त्यानं शेजारची माणसंही गच्चीवर गेली. वाळल्या मिरच्या तर पेटतातच. तळण्यापुरतं तेल तापवू नका, त्याची उष्णता कुठं थांबेल सांगता येत नाही. शेंगदाणे भाजता येतात, पण ते आतून आधी करपतात, बाहेरून गोरेच दिसतात. वाटीभर घ्या, मिनिटा-मिनिटाला हलवा, एक फोडून बघा, थोडे कच्चे वाटतायत तोवर काढा.

बंद झाकणाचा डबा, झाकण लावलेली बाटली, ओले मोजे, भिजलेला मोबाईल हे ठेवू नका, हे सांगावं लागतंय ते फक्त टेबलावर आलेले नमुने बघून.

ज्वारीची भाकरी चामड्यासारखी होते. काय चुकतं?

वेळ. भाकरीत पाणी कमी, तेही एका मिनिटात उडून जातं. ओल्या करून पिळलेल्या सुती फडक्यात गुंडाळा आणि वीस-तीस सेकंदच. लगेच खा, थंड झाली की पुन्हा ताठ. तवा असेल तर तवाच बरा, हे मी मायक्रोवेव्ह दुरुस्तीवर पोट भरणारा माणूस म्हणतोय. धपाटे बरे राहतात. पापड मात्र झकास होतो, चाळीस-पन्नास सेकंदांत, तेलाशिवाय.

कालचा भात, वरण, कोरड्यास तापवून खाल्लं तर चालतं का?

रात्री फ्रीजमध्ये होतं का, हा खरा प्रश्न. भातात एक जिवाणू तग धरून राहतो, शिजवल्यानंही त्याचे बीजाणू मरत नाहीत. भात ओट्यावर राहिला की तो वाढतो आणि त्याचं विष तापवून जात नाही. एरवी दोन तासांत आणि आपल्या उन्हाळ्यात तासाभरात भात फ्रीजमध्ये गेला पाहिजे. रात्रभर झाकून ठेवलेला भात सकाळी ओव्हनमध्ये वाफाळून काढला म्हणजे तो ताजा झाला असं नाही.

दुसरं, लहरी अन्नात दोन-तीन सेंटीमीटरच शिरतात. वाटीच्या कडा उकळतात आणि मधला गोळा फ्रीजमधलाच. अन्न पसरून ठेवा, मधे खड्डा करा, अर्ध्या वेळेत काढून ढवळा, झाल्यावर मिनिटभर झाकून ठेवा. वरण-आमटी पाऊण भांड्याच्या वर भरू नका. आणि वर मायक्रोवेव्हची जाळीदार झाकणी टाका. तुमच्या येसर आमटीचे शिंतोडे उडाले की ते माझ्या धंद्याला चालना देतात, ते पुढं येईल.

बाळाचं दूध?

ओव्हनमध्ये तापवू नका. बाटली बाहेरून कोमट लागते आणि मधे एखादा थर पोळणारा असतो. बाटली गरम पाण्याच्या वाटीत उभी करून तापवा, मनगटाच्या आत थेंब टाकून बघा.

रिकामा चालू झाला होता. बिघडेल का?

एखादं मिनिट झालं असेल तर बहुधा नाही. पण लहरी खायला आत काही नसलं की त्या परतून मॅग्नेट्रॉनवर, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या नळीवर जातात आणि तो तापतो. घरात लहान मूल बटणं दाबत असेल तर भिंतीचा स्विच बंद ठेवा. दिवसभर आत पेलाभर पाणी ठेवायची काहींची सवय आहे, तीही वाईट नाही. फक्त ते पाणी बदला.

आत ठिणग्या उडतात. धातू तर काही ठेवला नव्हता.

दार उघडा. आतल्या उजव्या भिंतीवर पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा एक खाकी, पुठ्ठ्यासारखा तुकडा दिसेल. तो पुठ्ठा नाही, अभ्रक आहे, आम्ही मायका म्हणतो. लहरी त्याच्या मागून आत येतात. बॅटरी मारून बघा: हळदीचे पिवळे ठिपके, त्यावर तेलाची चकाकी, आणि एका ठिपक्याच्या मधे मुंगीएवढा काळा डाग. तो डाग म्हणजे जळालेलं तेल, म्हणजे कोळसा. कोळशावर लहर येऊन ठेचाळते, ठिणगी पडते, डाग वाढतो, रोज थोडा. महिन्याभरात भोक पडतं. पुढं ती ठिणगी मॅग्नेट्रॉनच्या टोकाला लागते आणि दहा-वीस मिनिटांचं स्वस्तातलं काम महागडं होतं.

मायका बदलून मिळतो, मापात कापून बसवता येतो. तो काढून "बिना मायक्याचं" चालवू नका. भिंतीचा रंग उडून पत्रा उघडा पडला असेल तरी ठिणगी पडते. त्यावर घरचा रंग लावायचा नाही, ओव्हनचा वेगळा रंग असतो.

साफ कसा करायचा?

काचेच्या वाटीत पाणी, अर्धं लिंबू पिळून साल त्यातच टाका. साल असली की पाणी मघासारखं फसवत नाही. तीन-चार मिनिटं चालवा, पाच मिनिटं दार बंद ठेवा. वाफेनं सगळं सुटतं. मग मऊ फडक्यानं पुसा. ज्यांनी 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे बघितली, त्यांना वाटीभर पाण्यात मशीन साफ होतं याचं मोल सांगायला नको.

तारेची घासणी नको, सुरीनं खरवडणं नको, भोकांमधून फवारा मारणं नको. मायक्याला चोळू नका, हलकं टिपा. फिरती काच गरम असताना गार पाण्याखाली धरू नका. काचेखालचं चाकांचं रिंगण काढून धुवा, घरघर आवाज निम्म्या वेळा तिथल्या भाताच्या शितामुळं येतो. दाराची कड रोज पुसा. तिथं खरकटं साचलं की दार बसत नाही, आणि दार नाही बसलं तर काय, ते वर सांगितलंच.

झुरळं डिस्प्लेमागं फिरताना दिसतात!

दिसणारच. ऊब आहे, अंधार आहे, तुकडे-ताकडे आहेत. त्यांच्या विष्ठेनं आणि ओलाव्यानं कार्डावर शॉर्ट होतं, मग बटणं आपोआप दाबल्यासारखी चालतात. पाल तर मागच्या जाळीतून शिरते आणि कार्डावर आडवी पडते. असं कार्ड उघडलं की काळा कोळसा झालेला शेपटीचा ठसा मिळतो. जाळीला कापड किंवा टेप लावून उपाय करू नका, मशीन कोंडेल. आत फवारा मारू नका. ओव्हनच्या बाहेर, ओट्याच्या फटींत झुरळांचं जेल लावा, खालचं खरकटं रोज काढा. मशीन दहा-पंधरा दिवस वापरणार नसाल तर पुसून, प्लग काढून ठेवा.

फिरतो, दिवा लागतो, पण गरमच करत नाही. उघडून बघू का? पोरगा आयटीआयला आहे.

पोराला सांगा, मिक्सर उघड, पंखा उघड, याला हात लावू नको. आतला ट्रान्सफॉर्मर 2000 व्होल्टच्या वर देतो, पुढं ते 4000 च्या घरात जातात. आत रुपेरी डब्यासारखा, वीज साठवणारा कपॅसिटर असतो. प्लग काढल्यावरही तो भरलेला राहू शकतो. टीव्हीच्या शॉकनं माणूस झटकला जातो, हा शॉक जीव घेतो. प्रत्येक वेळी आम्हीही तो आधी रिकामा करतो, नंतर हात घालतो. जुन्या ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी काढायचे व्हिडिओ फिरतात. त्या नादात माणसं मेली आहेत.

बाहेरून बघण्यासारखं आहे ते बघा: ताकद दहा टक्क्यांवर तर नाही ना, व्होल्टेज किती आहे, डिफ्रॉस्ट तर दाबलं नाही ना. कमी ताकदीवर मशीन आत-बाहेर करत चालतं, थोडा वेळ घरघर, थोडा वेळ शांत. तो बिघाड नाही.

आत आग लागली तर?

दार उघडू नका. भिंतीचा स्विच बंद, शक्य असेल तर प्लग काढा, आणि थांबा. बंद दारात हवा संपली की आग विझते. दार उघडलं की तिला हवा मिळते. पाणी टाकू नका. ज्वाळा बाहेर येत असतील तर मेन बंद करून घराबाहेर व्हा आणि 101 ला फोन लावा.

घरात पेसमेकर असलेलं माणूस आहे.

आताच्या पेसमेकरना चांगल्या स्थितीतल्या घरगुती ओव्हनचा सहसा त्रास होत नाही. तरी त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारा, आणि दार सैल असलेला ओव्हन त्या घरात एक दिवसही चालवू नका.

दुरुस्त करू की भंगारात देऊ?

स्विच, मायका, फ्यूज, दिवा, खालची मोटर यासाठी डोळे झाकून दुरुस्त करा. मॅग्नेट्रॉन गेला असेल आणि मशीन दहा वर्षांचं असेल, खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल, तर सोडा. आतला पत्रा गंजून आरपार गेला असेल तर कुणी पैसे दिले तरी मी हात लावत नाही.

भंगारवाल्याला देताना एक अडचण आहे. तो तांब्यासाठी ट्रान्सफॉर्मर काढणार, चुंबकासाठी मॅग्नेट्रॉन हातोड्यानं फोडणार. काही मॅग्नेट्रॉनमधल्या चिनीमातीसारख्या भागात बेरिलियम असतं, त्याची धूळ फुप्फुसात जाणं फार वाईट. देशात 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. जुनं मशीन नोंदणी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्याकडं जावं, ही जबाबदारी त्यात कंपनीवर आहे. नवं घेताना दुकानदाराला जुनं घेऊन जायला लावा. तेही जमलं नाही आणि गाडीवाला दारात आलाच, तर निदान त्याला सांगा की आठवडाभर उघडू नको, तो रुपेरी डबा आधी कुणा जाणत्याकडून रिकामा करून घे. आमच्या गल्लीतला तर आता मशीन उचललं की थेट माझ्या टेबलावर आणतो, कपॅसिटर रिकामा करून घेतो आणि चहाचे पैसे माझ्याकडूनच घेऊन जातो.